मागे थांबणारी

"जाऊ द्या ना मॅडम आता. राहिलेले टाके मोठे मोठे घाला आणि मोकळ्या व्हा. कोण बघणार आहे?"

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर हे वाक्य गेली बावीस वर्षं म्हणत आल्या होत्या. उत्तर तोंडपाठ होतं, तरी दर वेळी म्हणायच्या. काही माणसांना कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

"आंघोळ घालणारा बघेल," बाई मान वर न करता म्हणाल्या.

सगळं हॉस्पिटल त्यांना मॅडम म्हणायचं. आपण बाई म्हणू. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला कुणीतरी जरा घरच्यासारखी हाक मारावी, आणि बाईंच्या घरी तर तशी हाक मारायलाच कुणी उरलं नव्हतं.

अर्ध्या तासापूर्वी या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. हृदय आधी गेलं, मग यकृत, मग दोन्ही किडन्या. जो तो आपापला बर्फाचा डबा सांभाळत पळाला. कुणी मागे वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच, कारण पुढे कुणीतरी पोट उघडून वाट बघत असतं. आता श्वासाचं यंत्र बंद होतं. टेबलावर एकोणतीस वर्षांचा एक कुरिअरवाला होता, गळ्याच्या खळीपासून ओटीपोटापर्यंत उघडा. त्याला बंद करायला चक्क विभागप्रमुख मागे थांबल्या होत्या. शेजारच्या थिएटरात त्यांचे सहकारी किडनी साफ करायला बसले होते. "मॅडमचं शिवणकाम चाललंय" म्हणून ते हसतात, हे बाईंना माहीत होतं. हसेनात का. बर्फातल्या किडनीला घाई नसते, घाई माणसांना असते, असं बाईंच्या गुरूंचं, सरांचं म्हणणं होतं.

हे मागे थांबणं सरांचंच. बाकी सगळीकडे हे काम जो सर्वांत नवखा असेल त्याच्या गळ्यात मारतात, आणि तो गोणपाट शिवल्यासारखे जाड दोऱ्याचे सहा टाके घालून सुटतो. सर स्वतः थांबायचे. कातडीच्या आतून, बाहेर दोरा दिसणार नाही असा बारीक टाका घालायचे, जिवंत माणसाला घालतात तसाच. पोरांनी त्यांचं नाव 'टेलरमास्तर' पाडलं होतं. ते त्यांच्या कानावरही गेलं होतं, आणि खरं तर त्यांना आवडलंही होतं. शेवटचा टाका झाला की ते मेलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणायचे, "झालं हं." ड्रेसिंग झाल्यावर पेशंटला म्हणतात, तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाईंना हसू आवरेना. तेव्हा त्या एकोणतीसच्याच होत्या, युनिटमध्ये सगळ्यांत लहान. सर त्यांना 'शेंडेफळ' म्हणायचे. पुढे तीन वर्षं सरांनी त्यांना प्रत्येक वेळी मागे थांबवलं. त्यातली पहिली दोन वर्षं बाई मनातल्या मनात सरांच्या नावाने बोटं मोडत होत्या. तिसऱ्या वर्षी एकदा त्यांच्याही तोंडून "झालं हं" निघून गेलं. त्यांनी चपापून मागे बघितलं, तर दारात सर उभे. "चल शेंडेफळा," ते एवढंच म्हणाले, "चहा पिऊ."

सिस्टरांच्या खिशातला फोन वाजला. फोन बाईंचाच होता. थिएटरात तो सिस्टरांकडे असायचा. सिस्टरांनी नाव बघितलं, क्षणभर थांबल्या आणि मग फोन बाईंच्या कानाला लावला. पलीकडे कोऑर्डिनेटर होती, दात्यांच्या नातेवाइकांशी बोलणारी.

"मॅडम, तुम्हाला आयसीयूत यावं लागेल. मला माहितीये, हल्ली नियमाने अवयव काढणाऱ्यांनी नातेवाइकांना भेटायचं नसतं. पण त्या ऐकतच नाहीयेत. म्हणतात, मला तुमच्या मॅडमच्या तोंडून ऐकायचंय."

"कोण ऐकत नाहीये?"

"काकू. सरांच्या मिसेस."

बाईंचा हात थांबला.

"सर काल सकाळी घरी कोसळले," ती मुलगी भरभर बोलायला लागली. "मेंदूत रक्तस्राव. दोन्ही तपासण्या झाल्या मॅडम, दुसरी आज आठ वाजता. मेंदू गेलाय. काकू म्हणतात, सगळं घ्या. पण पोटाच्या स्कॅनमध्ये यकृतात गाठी दिसल्यात, खूप. कॅन्सर. कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे आपल्याला काही घेता येणार नाही, आणि ते त्यांना पटत नाहीये."

"काल सकाळी," बाई म्हणाल्या. "म्हणजे कालपासून सर माझ्या डोक्यावर दोन मजले आहेत."

फोन बंद झाला. बाईंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर कात्र्या मोजायला लागल्या. त्या मघाशीच मोजून झाल्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या. "सकाळी ही केस होती. म्हटलं, हात हलायला नको. आणि... तुमचं त्यांचं बोलणं नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सांगायचं कुणी आणि कसं?"

चारशे माणसं काम करतात या इमारतीत, आणि चारशे जणांनी मिठाची गुळणी धरली होती. बाईंना राग यायला हवा होता. आलं ते वेगळंच. आपण या घरात राहतो खरे, पण घरातली गोष्ट आपल्याला शेवटी कळते, असं परक्या माणसाला वाटतं तसं काहीसं.

अकरा टाके राहिले होते. बाईंनी ते घातले, एकही मोठा न घालता. कुरिअरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं हं," म्हणाल्या, आणि हातमोजे काढले.

लिफ्ट सोडून त्या जिन्याने निघाल्या. दोन मजले चढायला वेळ लागावा, एवढीच इच्छा होती.

नऊ वर्षं झाली होती.

किडनी शरीरात बसवायच्या आधी बाजूच्या टेबलावर बर्फात ठेवून साफ करतात. भोवतीची चरबी कात्रीने सोलून काढायची, रक्तवाहिन्या मोकळ्या करायच्या. यात एक खोच असते. कधी कधी किडनीच्या खालच्या टोकाला एक जादा, दोऱ्याएवढी धमनी असते. चरबीत ती चरबीसारखीच दिसते. चुकून कापली तर त्या वेळी काहीच होत नाही. आठ दिवसांनी मूत्रनलिका सडते आणि पेशंट हातचा जातो. ती धमनी सरांना चरबीत हात घालताच कळायची. निम्म्या शहराला त्यांनी ती ओळखायला शिकवलं होतं. त्या दिवशी सरांनी ती कापली.

"सर, थांबा," समोर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"खालची धमनी."

सरांनी मान खाली घातली. आणखी खाली घातली. नाक बर्फाला लागायचं बाकी राहिलं. मग त्यांनी विचारलं, "कुठे?"

त्या एका शब्दाने थिएटर गार पडलं. बाईंनी कात्री सरांच्या हातातून काढून घेतली. आजवर असं कधी झालं नव्हतं. केसापेक्षा बारीक दोऱ्याने त्यांनी ती धमनी जोडली. पेशंट सुखरूप घरी गेला; दर वर्षी तपासणीला येतो आणि मोठ्या सरांची चौकशी करतो. पण त्या दुपारी चहाच्या खोलीत बाईंनी दार लावून घेतलं. सरांच्या नजरेबद्दल वर्षभर कुजबुज होती. कुणी त्यांच्या डाव्या बाजूचे दिवे गुपचूप वाढवायचं, कुणी बारीक काम आपल्याकडे ओढून घ्यायचं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मात्र कुणी तयार नव्हतं. शेंडेफळाने ती बांधली.

"सर, तुम्हाला आता दिसत नाही."

एवढंच. ऑपरेशन संपेपर्यंत मनात जुळवलेली बाकीची वाक्यं तशीच राहिली. सरांनी कप बशीत ठेवला. "बरं," म्हणाले. डोक्यावरची कापडी टोपी काढून घडी केली, खिशात घातली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं लॉकर रिकामं होतं. निरोपसमारंभाला ते आलेच नाहीत. त्यांच्यावरचं भाषण बाईंनी त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर फोन नाही की निरोप नाही. दोनदा बाई गाडी घेऊन सरांच्या गल्लीपर्यंत गेल्या होत्या. एकदा तर वरच्या खिडकीत दिवाही दिसला. वीस मिनिटं गाडीत बसून राहिल्या, मग घरी आल्या. घर म्हणजे काय, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. नवरा चांगला होता, भांडण-तंटा न करता निघून गेला. "तुझी वाट बघण्यात माझं काही बिघडत नाही गं," तो म्हणाला होता, "पण आलीस तरी आलीस असं वाटत नाही." बाईंना त्याचा राग धरता आला नाही. पुढे त्यांची सगळी बढती, सगळे मान, मोठमोठ्या केसेस हे सगळं त्यांना सांगायचं होतं ते एका माणसाला, आणि त्याच माणसाला त्या म्हणाल्या होत्या, तुम्हाला दिसत नाही.

आयसीयूच्या शेजारच्या छोट्या खोलीत काकू बसल्या होत्या. अंगावर घरातलंच लुगडं, त्यावर उलटा घातलेला स्वेटर. मांडीवर सरांचं पैशाचं पाकीट. बाईंनी कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

काकूंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हे खाली बसणं ह्यांनीच शिकवलं ना?"

"हो."

"ज्याचं गेलंय त्याला मान वर करावी लागू नये."

"हो काकू."

"घरीसुद्धा असेच बसायचे. मी रागावले की पाटावर." काकूंनी पाकिटातून एक कार्ड काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. अवयवदानाचं कार्ड होतं, पस्तीस वर्षांपूर्वीचं, कडांना पिवळं पडलेलं, त्यावर काळ्या केसांचे सर. "दर वाढदिवसाला बघायचे, आहे ना म्हणून. 'मी फुकट जायचं नाही' म्हणायचे. एवढं एकच मागणं. सोनं-नाणं नाही, देवधर्म नाही, कुठे फिरायला जाणं नाही. मी सांगितलं त्या पोरीला, काढा काय काढायचं ते. तर ती म्हणते, घेता येत नाही."

सरांनी मागायचं कसं ते शिकवलं होतं. खाली बसायचं. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलायचं. घड्याळाकडे बघायचं नाही. विचारून झालं की गप्प राहायचं, पुढचं पहिलं वाक्य त्यांचं. या रीतीने बाईंनी पूर्वी किती आईबापांपुढे पदर पसरला होता त्याची गणती नव्हती. नको कसं म्हणायचं, ते मात्र सरांनी शिकवलंच नव्हतं. तशी वेळ येईल असं त्यांना तरी कुठे वाटलं होतं?

"काकू, सरांच्या यकृतात गाठी आहेत. कॅन्सरच्या. मूळ कुठे आहे ते आता कळायचं नाही. पण तो रक्तातून फिरलेला असणार. त्यांची किडनी दुसऱ्याला बसवली तर त्या माणसाला आपण किडनीबरोबर कॅन्सर देऊ."

भिंतीपलीकडे कुठलंसं यंत्र टुक टुक करत होतं.

"तीस वर्षं," शेवटी काकू म्हणाल्या, "तीस वर्षं हा माणूस लोकांच्या दारात हात पसरून उभा राहिला. शिव्या खाल्ल्या. एकाने तर चप्पल मारली, ते तुम्हाला ठाऊक नसेल. आणि स्वतः द्यायची वेळ आली, तर तुम्ही माल परत करता?"

"सरांच्या जागी मी असते, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"त्यांनी सांगितलं असतं. तुम्ही का सांगता?" काकूंचा आवाज चढला. "एकदा 'दिसत नाही' म्हणून घरी पाठवलंत. आता 'चालत नाही' म्हणून. दोन्ही वेळेला तुम्हीच कशा?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत पेशंटच्या माणसांपुढे ते आलं नव्हतं. "दोन्ही वेळेला दुसरं कुणी बोललं नाही म्हणून," त्या म्हणाल्या. "मला काय हौस होती?"

काकूंनी पाकीट बाजूला ठेवलं, स्वेटरच्या बाहीने स्वतःचे डोळे पुसले, आणि रुमाल बाईंच्या पुढे केला.

"पोट दुखतं म्हणायचे. दोन महिने. म्हटलं दाखवा कुणाला, तर म्हणे वय झालं. सगळ्या जगाची पोटं चाचपली, स्वतःचं नाही."

"काकू, सर माझ्यावर फार रागावले होते का?" नऊ वर्षांचा प्रश्न होता. तो असा, उलट्या स्वेटरपुढे, बुटक्या स्टुलावर बसून विचारावा लागेल असं बाईंना कधी वाटलं नव्हतं.

"खोटं कशाला बोलू? फार. चार वर्षं घरात तुमचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या हाताखालून शिकली आणि मलाच घरी बसवलं, एवढंच धरून बसले होते. मग पेपर वाचता येईना तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने सांगितलं, डोळ्यांचा मागचा पडदा गेलाय, आणि तो काही आजचा नाही, सहासात वर्षांपासून जातोय. घरी आले ते जेवलेच नाहीत. मला म्हणाले, 'तिने थांबवलं नसतं तर मी कुणालातरी मारलं असतं.'"

बाईंनी रुमाल तोंडावर धरला.

"मग राग गेला. पण तोवर फोन करायची लाज वाटायला लागली. रोज म्हणायचे, उद्या करतो. काय तोंडाने करू म्हणायचे. मी म्हटलं, तोंडानेच करायचा असतो फोन, करा. तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जातो होय? एकदा खिडकीत उभे होते, म्हणाले, 'ती खाली उभी आहे ती शेंडेफळाची गाडी वाटते.' म्हटलं, जा ना मग खाली. तर म्हणे, 'मला कुठे नीट दिसतं, दुसऱ्याचीच असेल.'"

"माझीच होती."

"ते कळलं मला आत्ता तुमच्या तोंडाकडे बघून," काकू म्हणाल्या. "एका माळेचे मणी तुम्ही दोघं. आतून टाके घालता, बाहेर काही दिसू देत नाही."

दोघी रडल्या. थोड्या हसल्यासुद्धा. मग काकूंनी कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि ते उलटसुलट करत विचारलं, "खरंच काहीच नाही? एवढंसंही नाही?"

बाई 'नाही' म्हणता म्हणता थांबल्या. एक होतं. त्यांना सुचलं नव्हतं, कारण ते त्यांच्या विभागाचं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी त्यांची जीभ रेटली नसती. कारण ते नेमके डोळे होते.

काकूंनी लगेच सही केली, आणि नेत्रपेढीतून एक मुलगी आली. पंचविशीची असेल, पाठीला सॅक, हातात छोटासा डबा. डॉक्टर नव्हती, तंत्रज्ञ. तोवर यंत्र बंद करून तास उलटला होता. सरांचं हृदय अकरा मिनिटं चाललं आणि थांबलं. काकू एका बाजूला होत्या, बाई दुसऱ्या. सरांचा मुलगा परगावच्या विमानतळावर होता, संध्याकाळी पोहोचायचा होता. त्याच्याशी फोनवर बोलायला काकू बाहेर गेल्या.

"कॅन्सर होता," बाईंनी त्या मुलीला आधीच सांगून टाकलं. मागाहून नकार नको होता. "वय अठ्ठ्याहत्तर. आणि दृष्टी गेलेली. मागचा पडदा खराब."

"कॅन्सर कुठला, रक्ताचा नाही ना? मग चालतं. आणि वयाचं काही नाही." मुलीने सॅक उतरवून हात धुतले. "मागच्या पडद्याशी आमचं काही काम नसतं मॅडम. आम्हाला पुढची काच लागते. बुबुळावरची."

तिने सरांच्या कपाळाशी छोटा दिवा धरला आणि बोटाने पापणी वर केली. काहीतरी घ्या यांचं, बाईंना म्हणावंसं वाटत होतं. परत पाठवू नका. मी दोनदा पाठवलंय.

मुलगी वाकली, एक डोळा बघितला, मग दुसरा. मग पहिला पुन्हा.

"काय झालं?"

"काही नाही. बघत होते," मुलगी म्हणाली. "अगदी स्वच्छ काच आहे हो. ह्या वयाला अशी मिळत नाही. दोघांना होईल, एकेकाला एकेक."

बाई भिंतीला टेकल्या. "दोघांना दिसेल?"

"दिसायला हवं."

"मला बघू देशील? मी हे कधी पाहिलेलं नाही."

"या ना. फक्त माझ्या उजेडात येऊ नका."

विभागप्रमुख निमूटपणे डाव्या बाजूला सरकल्या. त्या मुलीला त्या कोण हे ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच होतं. तिचा हात चांगला होता, सावकाश आणि न थांबणारा. कुठे घाई करत नव्हती. पंचवीस मिनिटांत दोन्ही चकत्या बाटल्यांतल्या गुलाबी पाण्यात पडल्या, बोटाच्या नखाएवढ्या, पाण्यात दिसणारही नाहीत इतक्या आरपार. डोळ्यांवर तिने प्लास्टिकच्या वाट्या बसवल्या, वरून पापण्या ओढून घेतल्या, कापसाने कडा पुसल्या. सर झोपलेले दिसत होते, दुपारच्या चहाआधी खुर्चीत डुलकी काढायचे तसे.

"टाका घालायचा नसतो?" बाईंनी विचारलं.

"नाही मॅडम. गरजच नसते. काही दिसत नाही बाहेरून."

मुलीने बाटल्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं, कागदावर वेळ लिहिली. सॅक पाठीला अडकवताना तिने घड्याळ पाहिलं. "निघते. दोन्ही पेशंटना आजच बोलावून घेतील." आणि डबा छातीशी धरून ती भराभर चालत गेली. तिनेही मागे वळून पाहिलं नाही.

दारातून सिस्टर डोकावल्या. थिएटरचे कपडे बदलून घरी जायला निघाल्या होत्या. पलंगाकडे बघून त्यांनी मान खाली घातली. "मॅडम, सकाळची किडनी सुरू झाली. लघवी छान येतेय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "त्या दिवशी ती धमनी मलाही दिसली होती. कापायच्या आधी. वाटलं, सरांना दिसली असेलच. आपण कशाला बोलायचं."

"जा तुम्ही सिस्टर. उशीर होईल."

"तुम्ही?"

"मी आहे इथं. काकूंना सांगा, निवांत बोला म्हणावं."

सिस्टर गेल्या. बाईंनी चादर सरांच्या हनुवटीपर्यंत ओढली, मग थोडी खाली केली. सरांना गळ्याशी काही आवडायचं नाही. हात शिवणीसाठी अस्वस्थ झाले होते, पण शिवायला काहीच नव्हतं. सगळ्या अंगावर एकही नवा टाका नव्हता. आंघोळ घालणाऱ्याला काही म्हणता काही दिसलं नसतं.

त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं हं, सर."

आणि सवयीने त्या उत्तरासाठी थांबल्या. कुणीतरी आता "चल शेंडेफळा" म्हणेल, चहा होईल, आणि मग सगळं सांगता येईल: नऊ वर्षांतल्या केसेस, रिकाम्या खुर्चीपुढचं भाषण, गाडीत बसून काढलेली वीस मिनिटं. खोलीत कुणी काही बोललं नाही. बाईंनी दिवा बाजूला वळवला, पायाने बुटकं स्टूल पुढे ओढलं आणि सरांच्या उशाशी बसल्या. खालून शवागारातून फोन आला, ट्रॉली दुसऱ्या मजल्यावर अडकलीय, जरा वेळ लागेल, तुम्ही थांबायची गरज नाही.

ट्रॉली यायला चाळीस मिनिटं लागली. बाई थांबल्या.